‘क्वीन टू’च्या काळोखाची कुळकथा

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा दुसरा अल्बम, ‘क्वीन टू’, ८ मार्च १९७४ ला आला. त्यातलं ‘सेव्हन सीज ऑफ राय’ हे एकच गाणं सिंगल म्हणून निघालं. डेव्हिड बोवीची फिल्म वेळेत पोहोचली नाही म्हणून बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये या मंडळींची वर्णी लागली आणि गाणं दहाव्या क्रमांकापर्यंत चढलं. हे चाहत्यांना पाठ असतं. मला वेड लावलंय ते मुखपृष्ठानं.

काळ्याकुट्ट अंधारात चार चेहरे. वर ब्रायन मे, खाली फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे आपल्या पाचगणीत शिकलेला फारोख बुलसारा. त्याचे हात छातीवर दुमडलेले, बोटं पसरलेली. छायाचित्रकार मिक रॉकनं याचं मूळ स्वतःच सांगितलंय: ‘शांघाय एक्सप्रेस’ (१९३२) या सिनेमाच्या वेळचं मार्लिन डीट्रिखचं छायाचित्र. झालं, खटला निकालात!

पण डीट्रिख एकटी आहे. हात तिचे, वरून पडणारा उजेडही तिचा. अंधारात चार डोकी मांडायची कल्पना कुणाची? माझा संशय ‘विथ द बीटल्स’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर. १९६३ साली बोर्नमथच्या हॉटेलात रॉबर्ट फ्रीमननं खिडकीतून येणाऱ्या उजेडात चार अर्धे चेहरे टिपले. तिघं ओळीत, रिंगो खाली कोपऱ्यात. गंमत म्हणजे तोही त्यांचा दुसराच अल्बम.

यावर आक्षेप ठरलेले आहेत. तिथे उजेड बाजूनं येतो, इथे वरून. आणि श्रेय तर डीट्रिखला दिलेलं. पहिला मुद्दा मान्य. दुसरा मी मानत नाही. ते मुखपृष्ठ न पाहिलेला छायाचित्रकार १९७४ च्या लंडनमध्ये मिळाला असता का? घरोघरी असलेल्या वस्तूचं ऋण कुणी नोंदवत बसत नाही. फ्रीमनच्याही आधी अ‍ॅस्ट्रिड किर्शहेरनं हॅम्बर्गमध्ये बीटल्सच्या पोरांना अर्ध्या सावलीत उभं केलं होतं. तिचं नाव तरी किती जण घेतात?

पुढे नोव्हेंबर १९७५ मध्ये ब्रूस गावर्सनं ‘क्वीन’च्याच ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्याच्या व्हिडिओत ‘क्वीन टू’ची चौकट हलती केली. त्यातला ऑपेराचा भाग मुळात मर्क्युरी, मे आणि रॉजर टेलर या तिघांनीच गायलाय. तरी पडद्यावर जॉन डीकनही इमानदारीत ओठ हलवतो, कारण मुखपृष्ठावर डोकी चार होती.