समुद्र घरात आणताना

श्रोतेहो, जुन्या घरांतून देवळीत किंवा फडताळात एक शिंपला हमखास ठेवलेला असे. तान्ह्या बाळाला दूध पाजावयाचे, गुटी द्यावयाची, तर तो शिंपला हवाच. आपला अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा समुद्रापासून किती दूर! मध्ये सह्याद्रीची भिंत उभी. तरीही शिंपल्याशी आपली ओळख फार जुनी आहे. ज्या नेवाशाला ज्ञानेश्वर माउलींनी खांबाला टेकून गीतेचा अर्थ सांगितला, त्याच नेवाशाला १९५४ पासून डॉ. हसमुख सांकलिया आणि त्यांच्या डेक्कन कॉलेजच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. तेथल्या पुराण्या वस्तीच्या थरांत शंखाच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले. शंख काही प्रवरेत होत नाही. तो समुद्रातूनच आला. म्हणजे घाट चढून समुद्र आपल्याकडे पूर्वीच आला होता. मात्र आला तो मेलेला, कवचाच्या रूपाने.

जिवंत समुद्र घरी आणणे ही गोष्ट निराळी. तिचा इतिहास दोनशे वर्षांचाही नाही. तो आज सांगावयाचा आहे, आणि तोही एका शिंपल्याच्याच निमित्ताने.

हा शिंपला म्हणजे महाशिंपला. कोकणात तिसऱ्या, खुबे खातात, त्यांच्याच दूरच्या गोतातला. पण त्याची सर्वांत मोठी जात सव्वा मीटर लांब होते आणि तिचे वजन दोनशे किलोच्या वर जाते. आपल्या लक्षद्वीपच्या प्रवाळात सापडणारी जात त्या मानाने लहान, वीतभर-हातभर. कवच उघडले की आतून निळी, हिरवी, तपकिरी मांसल झालर बाहेर पसरते. मोराच्या पिसाऱ्याची आठवण व्हावी, असा तिचा रंग असतो. जगभरातले हौशी लोक या रंगासाठीच हा प्राणी घरच्या काचपेटीत ठेवू पाहतात. तो जगवणे मात्र सोपे नाही. का नाही, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

१८३२ च्या सुमारास सिसिली बेटावर जान व्हिलप्रू-पॉवर नावाची एक फ्रेंच बाई राहत होती. मूळची ती शिवणकाम करणारी. समुद्रातला एक प्राणी आपले कवच स्वतः बनवतो की दुसऱ्याचे चोरतो, असा त्या वेळी पंडितांत वाद होता. बाईने काचेच्या पेट्या करवून घेतल्या, त्यांत तो प्राणी जिवंत ठेवला आणि कवच तो स्वतःच बनवतो हे डोळ्यांनी पाहून सिद्ध केले. काचेच्या पेटीतून समुद्र पाहण्याची ही सुरुवात.

पुढची गोष्ट लंडनची. १८४६ साली ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत पोवळी बरणीत घालून लंडनला नेली. पाणी दोन दिवसांत मरते, हे त्यांच्या लक्षात आले. उपाय काय? घरातली मोलकरीण रोज उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसे. आपण गरम दूध निववताना धार धरतो ना, तसेच. त्यायोगे पाण्यात हवा मिसळे आणि पोवळी जगत. त्या मोलकरणीचे नाव इतिहासात राहिले नाही, पण आज पेटीत बुडबुडे सोडणारे यंत्र करते ते तिचेच काम. पुढल्या वर्षी थिनबाईंनी पाण्यात समुद्री शेवाळ घातले आणि तिचे श्रम कमी झाले.

असे का झाले, हे १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मांडले. त्याने गोड्या पाण्यात दोन मासे ठेवले, एक पाणवनस्पती लावली आणि काही गोगलगाई सोडल्या. मासे श्वास सोडत, तो वनस्पतीच्या उपयोगी पडे. वनस्पती प्राणवायू देई, तो माशांना मिळे. कुजकी पाने गोगलगाय खाऊन टाकी. म्हणजे जगवावयाचा तो एकटा मासा नव्हे. जगवावयाचा तो सगळा संसार.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. १८५४ साली फिलिप गॉस याचे पुस्तक निघाले आणि घरोघर काचपेटीचे वेड शिरले. लोक किनाऱ्यावर झुंबड करू लागले. खडकांतली डबकी खरवडून निघाली. वेड ओसरले, पेट्या माळ्यावर गेल्या, पण किनारा पूर्वीसारखा राहिला नाही. गॉसच्याच मुलाने, एडमंड गॉसने, १९०७ साली आपल्या आठवणी लिहिताना याचे दुःख बोलून दाखविले आहे. वडिलांनी प्रेमाने दाखविलेल्या वाटेने आलेल्या गर्दीनेच ते सौंदर्य तुडवले!

आपल्या देशात मद्रासच्या किनाऱ्यावर १९०९ साली मत्स्यालय झाले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले. पुढे कित्येक वर्षे मुंबईला गेलेली शाळेची सहल ते पाहिल्याशिवाय माघारी येत नसे. घाटावरच्या पुष्कळ मुलांनी जिवंत समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तिथल्या काचेपलीकडे.

आता पुन्हा महाशिंपल्याकडे येऊ. १९२८-२९ साली सी. एम. यंग यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांची एक तुकडी ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या प्रवाळरांगेवर जाऊन राहिली. महाशिंपल्याच्या झालरीत सूक्ष्म शेवाळ राहते आणि त्या दोघांचा संसार एकमेकांवर चालतो, ही गोष्ट यंग यांच्या अभ्यासाने पुढे आली. शेतकरी बांधवांना हे चटकन समजेल. हा बटाईचा करार आहे. शिंपला जागा देतो, आपला मळ खत म्हणून देतो आणि झालर पसरून ऊन दाखवतो. शेवाळ उन्हावर साखर पिकवते आणि त्यातला मोठा वाटा मालकाला देते. गंमत अशी, की हे बियाणे आईकडून मिळत नाही. पिल्लू जन्मल्यावर समुद्रातून ते स्वतः मिळवते.

पुढे १९६१ साली इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी आपली पद्धत छापून प्रसिद्ध केली. जीवजंतूंनी भरलेले प्रवाळाचे दगडच पेटीत ठेवावयाचे. पाणी शुद्ध ठेवण्याचे काम ते दगड करतात. आणि १९८० नंतरच्या दशकात पॅसिफिकमधील पलाऊ बेटांवर महाशिंपल्यांची पिल्ले मोठ्या संख्येने तयार करण्याची विद्या साधली. तेव्हापासून परदेशांत समुद्रातून न काढता जोपासलेला शिंपला घरी ठेवणे शक्य झाले.

मग त्याला लागते काय? पहिले म्हणजे ऊन किंवा उन्हासारखा प्रखर दिवा. उजेड कमी पडला की बटाईदार उपाशी आणि मालकही उपाशी. दुसरे, चुना. एवढे कवच वाढवायचे तर पाण्यात कॅल्शियम हवे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ते साधारण ४०० मिलिग्रॅम असते. शिंपला वाढतो तसे ते कमी होते आणि पुन्हा पुरवावे लागते. तिसरे, मीठ. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, ना फार कमी ना फार जास्त. समजा, आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हाळ्यात अशी पेटी ठेवली. पाणी उडून जाईल, मीठ मात्र मागे राहील आणि पेटी दिवसागणिक खारट होत जाईल. अशा वेळी भर घालावयाची ती गोड्या, शुद्ध पाण्याची, खाऱ्या नव्हे! चौथे, तो पायाच्या तंतूंनी दगडाला घट्ट धरतो. ओढून काढला तर पाय फाटतो आणि शिंपला दगावतो. निरोगी शिंपला वर सावली आली की झालर आत घेतो. तोंड वासून पडलेला, सावलीला दाद न देणारा शिंपला आजारी समजावा.

पेटी जितकी लहान तितकी चूक महाग. समुद्रात एक जीव कुजला तर समुद्राला त्याचे काय? लहान पेटीत एका रात्रीत सारे पाणी नासते.

मंडळी, आपल्याकडे तर प्रश्न याच्याही आधीचा आहे. खाण्यासाठी, कवचांसाठी, हौसेसाठी जगभर या प्राण्याची इतकी लूट झाली, की १९८५ पासून त्याच्या सर्व जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. भारताने २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात त्याला घातले. वाघाला जे संरक्षण, तेच त्याला. लक्षद्वीपहून किंवा अंदमानहून तो उचलून आणणे हा गुन्हा आहे. गॉसच्या काळी किनारा उजाड झाला, तेव्हा असा कायदा नव्हता. आज आहे, आणि तो पाळणे हीच या प्राण्याची आपल्या हातून होणारी खरी निगा.

मग शाळेत मुलांना दाखवावे काय? गुरुजी, शिंपला आपल्या नदीतही आहे. प्रवरा, मुळा, गोदावरी यांच्या गाळात तो अर्धा रुतून बसलेला असतो. त्याचे बाळ काही दिवस माशांच्या कल्ल्यांना चिकटून प्रवास करते. मासे संपले तर शिंपलाही संपेल. दोन बरण्या घ्या. दोन्हींत नदीचे गढूळ पाणी भरा. एकीत एक जिवंत शिंपला ठेवा आणि बरण्या सावलीत राहू द्या. काही तासांत शिंपल्याच्या बरणीतले पाणी दुसरीपेक्षा निवळलेले दिसेल. तो पाणी गाळून आपले अन्न मिळवतो. मुलांनी ते पाहिले की संध्याकाळी तो जिथून आणला तिथेच सोडून या.

नेवाशाला समुद्र आला तो बांगडीच्या तुकड्यांतून. आपल्या मुलांनी शिंपला पाहावा तो जिवंत, आणि पाहून झाल्यावर त्याच्या त्याच्या पाण्यात परत पोचवावा.