मोटारीच्या दाराचा खटका

मोटारीचें दार नीट लागत नाहीं, ही तक्रार मोटारीइतकीच जुनी आहे. १९५० च्या आधींची एखादी अमेरिकन मोटार हौसेनें जतन करणाऱ्या गृहस्थास ती हटकून भेटते. दार आपटून लावावें लागतें, नाहीं तर खड्ड्याच्या धक्क्यानें तें आपोआप उघडतें. बहुधा दोष खटक्याचा नसतोच. बिजागरीची खीळ झिजून दार खालीं उतरलेलें असतें, आणि खटक्याची जीभ चौकटीवरील खोबणींत पुरती शिरत नाहीं. म्हणून जाणता कारागीर आधीं बिजागरी पाहतो. मग आळलेलें ग्रीस धुऊन काढतो, ढिली कमान बदलतो व शेवटीं खोबणीची पट्टी सरकवून बसवितो. बिजागरी मागच्या बाजूस असेल तर ही काळजी दुप्पट. खटका सुटला कीं वाराच तें दार ओढून उघडतो. अमेरिकेंत त्यास 'आत्मघातकी दार' म्हणूं लागले, तें उगीच नव्हे.

परंतु इतकें करूनहि खटका जुनाच राहतो. दार बाहेर उघडूं नये, एवढ्यापुरतीच त्याची रचना होती. टकरींत सांगाडा लांबीच्या दिशेनें ताणला गेला कीं जीभ निसटे आणि आंतील माणूस रस्त्यावर फेकला जाई. १९१७ सालीं वैमानिकी शिकतांना विमानांच्या टकरींतून वांचलेले ह्यू डीहेवन यांनीं पुढें कॉर्नेल विद्यापीठांत अपघातांची छाननी सुरू केली, आणि तींतून उघडणाऱ्या दारांचा हा धोका स्पष्ट झाला. फोर्ड कंपनीनें १९५६ च्या नमुन्यांत घट्ट पकडीचे नवे खटके बसविले. १९६८ पासून अमेरिकन सरकारचा दंडकच झाला: पूर्ण लागलेल्या खटक्यानें लांबीच्या दिशेनें २५०० पौंडांचा ताण सोसला पाहिजे.