सातबाऱ्याची रांग आणि रकाना

सावद्याच्या शेतकऱ्याला केळीसाठी पीककर्ज काढायचे, तर सातबारा लागतो. पूर्वी तलाठी दप्तर पाहून तो हाताने लिहून देत. मागणारे दाराशी रांगेत उभे असत, आणि नाव लांब असले तर तलाठी अक्षर बारीक करून ते रकान्यात बसवीत. संगणक आल्यावर रांग आणि रकाना या दोन्ही गोष्टी यंत्राला शिकवाव्या लागल्या. तो धडा मात्र यंत्राने सातबाऱ्याच्या बराच आधी गिरवला होता.

१९५९ साली जाहीर झालेल्या आयबीएम १४०१ या संगणकाचा मुद्रक मिनिटाला ६०० ओळी छापी. वेग मोठा वाटतो, पण गणिते करणाऱ्या मोठ्या यंत्रापुढे ती गोगलगायच. महागडे यंत्र छपाईसाठी खोळंबून ठेवणे परवडत नसे. म्हणून उत्तरे चुंबकीय फितीवर उतरवायची आणि ती फीत लहान संगणकावर लावून सावकाश छापायची, अशी रीत पडली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० आला, तेव्हा त्याच्या जोडीलाही १६०ए हा लहान संगणक होता. पुढे चुंबकीय तबकड्या आल्या आणि छापायची कामे तबकडीवरच ओळीने थांबू लागली. हीच ‘प्रिंट क्यू’. कागद येईना म्हणून आपण पाचदा कळ दाबतो आणि मग पाच प्रती येतात, त्या याच रांगेमुळे! आणखी एक गोष्ट : रांगेतला उतारा आधीच तयार झालेला असतो. मधल्या वेळात फेरफार मंजूर झाला, तरी कागदावर जुनेच नाव उमटते.

रकान्याचे दुखणे वेगळे. कोणती माहिती कुठे आणि किती जागेत छापायची, हे सांगण्यासाठी १४०१ साठीच ‘आरपीजी’ ही आज्ञावली निघाली. त्यात रुंदी अक्षरे मोजून ठरे. रोमन लिपीत ते खपले. देवनागरीत ‘क्ष’ कागदावर एक अक्षर, पण १९९१ च्या ‘इस्की’ प्रमाणात त्याला क, हलन्त आणि ष असे तीन संकेत लागतात. ‘लक्ष्मीबाई’ची चार अक्षरे म्हणजे दहा संकेत, फळ्यावर मोजून पाहावेत. आठ संकेतांचा रकाना दिला, तर बाई ‘लक्ष्मीब’वरच संपतात. मग बँकेतले नाव आणि कागदावरचे नाव जुळत नाही, आणि खुलासा करायचा तो खातेदाराने. माझ्या मते ही चूक यंत्राची नव्हे. रुंदी ठरवणाऱ्याची आहे.

भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली; महाराष्ट्रातून वर्धा निवडला गेला. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. २०२० साली त्याचा छापील नमुनाही बदलला. लागवडयोग्य आणि पोटखराब क्षेत्राची बेरीज त्यात आली, आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व तारीखही. हाती आलेला उतारा कोणत्या फेरफारापर्यंतचा, हे आता कागदावरच वाचता येते.