सर्च केलं तरी मराठी फाईल का सापडत नाही? फाईल इंडेक्सिंगची गोष्ट

मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर सर्च केलं की उत्तर एका क्षणात येतं. त्या क्षणात मशीन तुमच्या सगळ्या फाईली उघडून वाचत नसतं. ते आधीच बनवून ठेवलेली एक यादी बघतं. या यादीचं नाव इंडेक्स.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात धानाच्या खरेदीसाठी नोंदणी करायची वेळ आली की घराघरात सातबारा शोधला जातो, म्हणून उदाहरण तिथलंच घेतो. सातबारा गटाप्रमाणे असतो, म्हणजे या गटाचे खातेदार कोण ते त्यात दिसतं. आठ-अ त्याच्या उलट: या खातेदाराच्या नावावर कोणकोणते गट. इंडेक्स म्हणजे फाईलींचा आठ-अ. कोणता शब्द कोणकोणत्या फाईलींत आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. आणि फेरफार झाल्याशिवाय आठ-अ बदलत नाही, तसंच इंडेक्स अपडेट होईपर्यंत नवी फाईल सर्चमध्ये दिसत नाही.

ही युक्ती जुनी आहे. युनिक्सवर फाईल शोधायची तर पूर्वी एकेक फोल्डर चाळावं लागायचं. १९८३ मध्ये जेम्स वूड्स यांनी सुचवलं की फाईलींच्या नावांची यादी आधीच दाबून, लहान करून ठेवा आणि शोध फक्त त्या यादीत घ्या. युनिक्स-लिनक्समधली 'लोकेट' कमांड यातूनच आली. त्यात फक्त नावं होती, आतला मजकूर नाही.

मजकुराची यादी बनवणं जड काम. नव्वदच्या दशकात ऑफिससोबत 'फाइंड फास्ट' यायचं, ते मागे बसून यादी बनवायचं आणि मशीन मंद करायचं. लोक ते बंदच करून टाकायचे. मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये 'विनएफएस' नावाची मोठी योजना जाहीर केली, साठवणच डेटाबेससारखी करायची. पण ऑगस्ट २००४ मध्ये ती विंडोजच्या पुढच्या आवृत्तीतून वगळली. दोनच महिन्यांनी गूगल डेस्कटॉप आलं. एप्रिल २००५ मध्ये ॲपलच्या टायगरमध्ये स्पॉटलाइट आलं. स्पॉटलाइटवर काम करणाऱ्या डॉमिनिक जाम्पाओलो यांनी आधी बीओएसची फाईल सिस्टीम बनवली होती आणि तिच्यात इंडेक्स मुळातच होता. २००७ मध्ये व्हिस्टाच्या स्टार्ट मेनूत सर्चचा चौकोन बसला, २००९ मध्ये स्पॉटलाइट आयफोनवर आलं. गूगल डेस्कटॉप २०११ मध्ये बंद झालं, कारण सर्च आता सिस्टीमचाच भाग झालं होतं.

आता आपला प्रश्न. मराठीचं काय?

इंडेक्सला अक्षराचा आकार कळत नाही, त्याला फक्त कोड कळतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. विंडोज २००० सोबत मंगल हा फॉन्ट आला, तो र. कृ. जोशी यांनी घडवलेला, म्हणजे आपल्याच मराठी कवी आणि सुलेखनकाराने. पण डीटीपीच्या दुकानांत काम चालायचं पेजमेकरवर आणि पेजमेकरला युनिकोड देवनागरी झेपत नव्हती. म्हणून श्रीलिपी, कृतीदेव असे फॉन्ट वापरात राहिले. त्यांची करामत अशी की इंग्रजी अक्षराच्या कोडवर देवनागरी आकार बसवलेला असतो.

कृतीदेवमध्ये 'गोंदिया' लिहा. पडद्यावर गोंदिया दिसतं, फाईलमध्ये साठतं ते असं: एक्स, के, एस, ए, एफ, एन, अर्धविराम, के. इंडेक्स बिचारा प्रामाणिकपणे हेच लिहून ठेवतो. तुम्ही मोबाईलच्या कीबोर्डवरून 'गोंदिया' टाईप करून कितीही शोधा, उत्तर शून्य.

आमचा जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ ला. म्हणजे जिल्ह्याची पहिली कित्येक वर्षं याच फॉन्टच्या काळातली. शाळेची स्मरणिका, लग्नपत्रिका, संस्थेचे ठराव, त्या काळात टाईप झालेलं बरंच काही आजच्या सर्चला दिसतच नाही. वर मशीन फॉरमॅट झालं आणि तो फॉन्ट गेला, तर माणसालाही वाचता येत नाही.

अशा फाईली घरी असतील तर फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये करून घ्या, मूळ फाईल मात्र पुसू नका. नंतर डोळ्यांनी तपासाच. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठते, युनिकोडमध्ये नंतर. रफार तर उलट दिशेने सरकतो. म्हणून 'अर्जुनी'सारख्या शब्दांत घोळ होतो.

मोबाईलवर अडचण वेगळी. व्हॉट्सॲपवर आलेल्या सातबाऱ्याच्या पीडीएफचं नाव बहुतेक वेळा तारीख आणि आकडे एवढंच असतं. ती स्कॅन केलेली असेल तर आत मजकूर नसतो, फक्त फोटो असतो. मग इंडेक्समध्ये जाणार काय? ते निरर्थक नाव. मी फाईल आली की लगेच नाव बदलतो: 'सातबारा तिरोडा', पुढे गट क्रमांक आणि वर्ष. दहा सेकंदांचं काम.

इथे आमच्याकडची एक खास गंमत आहे. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड लागून असल्याने बऱ्याच फोनवर हिंदी कीबोर्ड असतो. त्यावर 'तिरोड़ा' लिहिलं जातं, ड खाली नुक्ता. मराठी 'ड' आणि हा 'ड़' यांचे कोड वेगळे, त्यामुळे एक लिहून दुसरा सापडेलच असं नाही. तसंच 'अर्जुनी मोरगाव' कुणी 'मोरगाव अर्जुनी' लिहितं. घरात सगळ्यांनी एकच स्पेलिंग ठरवा. आणि फाईल सापडली नाही तर डिलीट झाली असं समजण्याआधी नुक्ता लावून एकदा शोधून बघा.