चाकाखालचा दगड

मुरबाडहून माळशेजकडे किंवा शहापूरहून कसाऱ्याच्या घाटाकडे निघालेला गाडीवान चढणीवर थांबला कीं प्रथम चाकाखालीं दगड लावी. बैल सोडण्याचा विचार त्यानंतर. जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाच्या चाकांनाही पुढून-मागून ठोकळे लागतात. उडणाऱ्या यंत्राचें भय आकाशांतच असतें, ही समजूत मात्र पुष्कळांना महागांत पडली आहे.

ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपाल घेऊन आपलें पस मॉथ विमान जुहूस उतरविलें. त्या नव्या विमानसेवेचा संसार केवढा? झावळ्यांची एक शेड, एक अर्धवेळ इंजिनिअर आणि दोन शिकाऊ मेकॅनिक! पावसाळ्यांत जुहूला चिखल माजे, म्हणून बिऱ्हाड पुण्यास न्यावें लागे. त्या काळीं लहान विमानांचा पंखा हातानें फिरवून इंजिन चालू करीत. मॅग्नेटो आपली वीज आपणच उत्पन्न करतो. त्यामुळें बटण बंद असूनही त्याची तार तुटलेली असली, तर नुसत्या हाताच्या धक्क्यानें पंखा एकाएकीं गरगरूं लागे. प्रत्येक पंखा जिवंत समजावा, हा नियम त्यांतून आला.

जेट इंजिनाचें संकट याहून कपटी आहे. पंखा डोळ्यांस दिसे, हवेची ओढ दिसत नाहीं. ता. १६ डिसेंबर २०१५ च्या रात्रीं मुंबईस, हैदराबादला निघालेलें एअर इंडियाचें विमान मागें ढकलून झालें, इंजिन सुरू झालें आणि जवळच पाठमोरा उभा असलेला तंत्रज्ञ त्यांत ओढला गेला. इशारा मिळाला असा वैमानिकाचा समज झाला, असें वृत्त होतें. जुलै २०१९ मध्यें कोलकात्यास चाकांच्या कप्प्याजवळ काम करणारा दुसरा एक तरुण, दारें अकस्मात मिटल्यानें प्राणास मुकला.

उपाय साधे आहेत. इंजिन सुरू होण्यापूर्वीं तांबडा दिवा लुकलुकतो. चाकें मिटूं नयेत म्हणून त्यांच्या सांध्यांत पिना घालतात व त्यांना लांब लाल फीत बांधतात. पण पिना विसरल्या, तर उड्डाणानंतर चाकें आंत जात नाहींत व विमान परत फिरवावें लागतें. घाटांत दगड रस्त्यावरच टाकून जाणाऱ्या गाडीवानालाही मागचे लोक शिव्याशाप देतच! म्हणून काढलेल्या पिना मोजून, वैमानिकाला दिसतील अशा हातांत उंच धरून, मगच जमिनीवरचा माणूस बाजूला होतो.