उशब्ती : एक तळटीप

१. उशब्ती : प्राचीन ईजिप्तमध्ये प्रेतासमवेत थडग्यात ठेवावयाच्या, बहुधा निळसर झिलईच्या फेयान्सच्या, क्वचित लाकडाच्या वा पाषाणाच्या, अशा या ममीसदृश मूर्तींना पूजेच्या प्रतिमा समजणे युक्त नव्हे, त्या मृताचे बदली चाकर होत. परलोकातही शेत कसणे, काठच्या जमिनीस पाणी देणे आणि वाळू वाहणे ही सरकारी वेठ चुकत नाही अशी श्रद्धा असल्यामुळे, मृताच्या नावाचा पुकारा होताच मूर्तीने त्याच्याऐवजी हजेरी द्यावी, अशा आशयाचा ‘मृतांच्या ग्रंथा’तील सहावा मंत्र तिच्या अंगावर कोरीत. आरंभी एकदोन मूर्ती पुरत. कालांतराने दिवसास एक याप्रमाणे ३६५ मजूर आणि दर दहांवर एक चाबूकधारी मुकादम असे ३६, मिळून ४०१ जणांचा ताफा रूढ झाला. तत्पूर्वीच्या तूतांखामेनच्या थडग्यात तर ४१३ निघाल्या, कारण दरमहाचे १२ अंमलदार त्यांत अधिक होते. प्रत्यक्ष राजासही वेठीची धास्ती असावी, हे विशेष! टॉलेमींच्या अमदानीत ही चाल मावळली. ब्रिटिश म्यूझियममधील एका पपायरसावर ४०१ मूर्तींचे मोल चांदीत पोचल्याची कारागिराची रीतसर पावती असून, मूर्तींनी आता निमूटपणे कामास लागावे, अशी ताकीदही तीत आहे.