वेशीबाहेरच्या गोष्टी

(प्रस्तावना)

२० मे २०२५ रोजी पुण्यात विज्ञानकथाकार जयंत नारळीकर गेले. त्यानंतर तीन महिन्यांनी, २७ ऑगस्टला, भयकथाकार नारायण धारपांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली. या दोन तारखांनी माझ्या त्या वर्षीच्या वाचनाला जी दिशा दिली, ती वर्षअखेरपर्यंत बदलली नाही. अद्भुतकथा, भयकथा आणि विज्ञानकथा यांच्यापैकी जे मनापासून आवडले, त्यावरची टिपणे पुढील पानांत आहेत. काही पुस्तके पहिल्यांदा वाचली, बरीच पुन्हा वाचली. ज्यांना या प्रांताची ओळख नाही त्यांनी आधी ही प्रस्तावना वाचावी. ज्यांना आहे त्यांनी सरळ टिपणांकडे वळावे आणि मग भांडायला इकडे यावे.

मराठी घरांत या पुस्तकांना एक वय ठरवून दिलेले असते. धारप शाळेच्या शेवटच्या वर्षांत, नारळीकर त्याच्या थोडे आधी, मग माणूस मोठा होतो आणि ‘खऱ्या’ साहित्याकडे जातो, असा समज आहे. समीक्षेनेही बराच काळ हीच वाट धरली. मला हा समज चुकीचा वाटतो. भीती, नवल आणि ‘असे झाले असते तर’ हा प्रश्न यांना वय नसते. या तीन प्रकारांत मराठीने जे कमावले आहे ते वास्तववादी कथेच्या शेजारी ताठ मानेने उभे राहील असे आहे.

सगळी टिपणे एकत्र लावताना एक गोष्ट नजरेत भरली. इंदूरच्या सियागंजात बसून लिहिणाऱ्याला ती जरा लवकर दिसते एवढेच. मराठीतले हे साहित्य वारंवार मराठी मुलुखाच्या वेशीबाहेरून आले आहे. ज्यूल व्हर्नची चंद्राची सफर मराठीत प्रथम आली ती विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, ‘केरळ कोकिळ’ मासिकातून. ते मासिक कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी कोचीत सुरू केले होते. पुढे मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना व्हर्न ज्यांनी दिला ते भा. रा. भागवत १९१० साली जन्मले ते आमच्या इंदुरात. त्यांचे ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ज्याने बाराव्या वर्षी वाचले त्याला धूमकेतूवर बसून सूर्याभोवती फिरणे ही अगदी घरगुती गोष्ट वाटते. १९१० सालीच, याच शहरात दुर्गा भागवतांचा जन्म झाला. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनातले त्यांचे अध्यक्षपद आणीबाणीविरुद्धच्या त्यांच्या ठाम भूमिकेमुळे सर्वांना आठवते. त्याच अध्यक्षीय भाषणात त्यांनी नारळीकरांच्या विज्ञानकथेची दखल घेतली होती, हे कमी जणांना ठाऊक असते. नारळीकर स्वतः कोल्हापुरात जन्मले, पण वाढले बनारसला, जिथे त्यांचे वडील विद्यापीठात गणित शिकवत. आणि बेळगाव जिल्ह्यात जन्मलेले जी. ए. कुलकर्णी आयुष्याचा मोठा भाग धारवाडात इंग्रजी शिकवत राहिले.

कोची, इंदूर, बनारस, धारवाड. जिथे घरात मराठी आणि दाराबाहेर दुसरी भाषा, तिथे माणसाला लहानपणापासून दोन जगे एकाच वेळी खरी मानायची सवय लागते. सियागंजातल्या किराण्याच्या पेढीवर भाव हिंदीत होतो आणि घरी गेल्यावर त्याच भावाची तक्रार मराठीत होते. या सवयीतून अद्भुताकडे जायला फार चालावे लागत नाही, असे माझे मत आहे.

नारळीकरांची पहिली कथा कशी आली हे सांगण्यासारखे आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली. नारळीकर तेव्हाच जगन्मान्य शास्त्रज्ञ होते. नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी केली, ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. ‘कृष्णविवर’ला पहिले बक्षीस मिळाले. जो माणूस खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलबरोबर विश्वाच्या उत्पत्तीवर काम करत होता, त्याने मराठी कथेच्या दारात मात्र अनोळखी म्हणून उभे राहणे पसंत केले. २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तो मान या दारातून आत गेलेल्या माणसाचा होता.

त्यांची हातोटी पाहायची तर ‘उजव्या सोंडेचा गणपती’ घ्यावी. कल्पना भूमितीची आहे: एक पीळ दिलेल्या पट्टीवरून आकृती फिरून आली की तिचे डावे-उजवे बदलते, अवकाशालाच असा पीळ असला तर त्यातून फिरून आलेल्या माणसाचे काय होईल? हे समजावायला नारळीकरांनी गणपतीची मूर्ती घेतली. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचे सोवळे सांभाळावे लागते, हे मराठी घरातल्या प्रत्येकाला माहीत असते. त्यामुळे सोंड वळल्याचे दिसताच वाचकाच्या अंगावर जो काटा येतो तो आधी परंपरेचा असतो, विज्ञान मागून येऊन त्याचा ताबा घेते. विज्ञान शिकवण्याच्या हेतूने लिहिलेल्या कथा पुष्कळदा कोरड्या पडतात आणि नारळीकरांच्याही काही पडल्या आहेत. ही पडलेली नाही.

पण माझ्या लेखी त्यांची सर्वांत मोठी कथा ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ हीच. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून ‘जिजामाता एक्स्प्रेस’ने मुंबईला निघतात आणि उतरतात त्या मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल अजून चालू असतो. ते घाबरून पळत नाहीत. ते ग्रंथालयात जातात आणि स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड काढून बसतात. इतिहासाची वाट कुठे फुटली हे शोधत ते शेवटच्या खंडापर्यंत येतात, आणि तिथे पानिपतावर विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून गेलेली असते. मराठे जिंकलेले असतात. परत आल्यावर त्यांच्या खिशात त्या दुसऱ्या जगातल्या बखरीचे फाटके पान निघते. एवढे एक पान नारळीकरांनी पुरावा म्हणून ठेवले आहे, त्यावर सगळी कथा तोललेली आहे.

पुण्याचा वाचक ही कथा पेशव्यांची म्हणून वाचतो. इंदूरच्या वाचकाला मल्हारराव होळकर आठवतात. ते त्या रणातून जिवंत परतले. का आणि कसे निघाले यावर आजही वाद होतो. १७६१ ला निकाल उलटा लागला असता तर माळव्याचे, होळकरशाहीचे आणि म्हणून आमच्या या शहराचे काय झाले असते? पेशव्यांचे बळ टिकले असते तर होळकर इतके स्वतंत्र झाले असते का? कथेत हा प्रश्न नाही. वाचकाने तो आपल्या गावाहून घेऊन यायचा असतो, आणि चांगली विज्ञानकथा त्याला जागा देते.

आता भयकथा. इथे माझे वेशीबाहेरचे म्हणणे चालत नाही, हे आधीच सांगतो. धारप पुण्याचे, रत्नाकर मतकरी मुंबईचे. भयाला पिढ्यान्‌पिढ्या राहते घर लागते: माजघर, बंद खोली, जिच्याबद्दल मोठी माणसे बोलत नाहीत अशी म्हातारी. जिथे मराठी माणूस सर्वांत जुना रहिवासी आहे तिथेच त्याचे भूत मुरते.

मात्र धारपांची बीजे पुष्कळदा दूरची आहेत. ‘लुचाई’ ही स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून आली, ‘शपथ’ त्याच्या ‘इट’वरून. ऋणाचा उल्लेख ठळक नसणे ही त्या काळच्या प्रकाशनव्यवहारातली उणीव होती, तिची बाजू मी घेणार नाही. पण रूपांतर म्हणजे नक्कल असे मानणाऱ्याने एका कथेचा प्रवास पाहावा. किंगची ‘ग्रामा’ ही आजारी आजीबरोबर घरात एकट्या राहिलेल्या मुलाची कथा. धारपांनी तिची ‘आजी’ केली. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने ती राही अनिल बर्वे यांना तोंडी सांगितली. २०१८ साली तिच्या ठिणगीतून त्यांचा ‘तुंबाड’ चित्रपट आला, ज्याचे नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेले आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यातली म्हातारी कोकणातल्या पावसात, हव्यासाच्या आणि वारशाच्या गोष्टीत येऊन बसली. पुस्तकाची कथा जंगलात तोंडी सांगितली गेली आणि तिथून पडद्यावर गेली, हे धारपांच्या लेखणीचे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र आहे. दुष्ट शक्तीला धारप तोंड देतात ते श्रद्धेच्या आणि साधनेच्या बळावर. ‘समर्थ’ मालिका वाचताना हे लगेच कळते. किंगच्या गावात ते बळ इतके खात्रीचे नसते. रूपांतरात बदल होतो तो इथे.

मतकरींना राक्षस बाहेरून आणावा लागत नाही. अपराधीपणा, मत्सर, दडवलेली क्रूरता एवढ्यावर त्यांची गूढकथा उभी राहते. ‘खेकडा’ आणि ‘मध्यरात्रीचे पडघम’ हे संग्रह एकामागोमाग एक वाचू नयेत, मध्ये दिवस जाऊ द्यावेत. मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’ लिहिणारा हात हाच, हे लक्षात ठेवले तर दोन्ही बाजू उजळतात.

आणि अद्भुत? ते सर्वांत जुने. कृष्णशास्त्री चिपळूणकरांची अरबी गोष्टींची भाषांतरे किंवा १८६१ ची हळब्यांची ‘मुक्तामाला’ हा अलीकडचा टप्पा झाला. मुळाशी गुणाढ्याची बृहत्कथा आहे. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये ‘कथासरित्सागर’ रचला, त्यात ही दंतकथा येते: सातवाहन राजाने नाकारलेला ग्रंथ गुणाढ्याने रानात बसून प्राण्यांना वाचून दाखवला आणि एकेक पान जाळले. त्याच ग्रंथात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत, आणि त्यातला राजा त्रिविक्रमसेन गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. लोकपरंपरेने वेताळाला पुढे विक्रमाच्या उज्जयिनीला आणले, इथून पंचावन्न किलोमीटरवर.

त्या कथेची सुरुवात सियागंजातल्या कोणत्याही मुनिमाला आवडेल. एक भिक्षू रोज राजाला एक फळ देतो. राजा ते कोठाराच्या अधिकाऱ्याकडे सोपवतो, अधिकारी दार न उघडताच खिडकीतून आत फेकतो. वर्षानुवर्षे हेच चालते. एके दिवशी माकड ते फळ फोडते आणि आतून रत्न पडते. मग कोठार उघडून पाहतात: फळे कुजून गेलेली आणि जमिनीवर रत्नांचा ढीग. स्मशान, प्रेत, वेताळ हे सगळे नंतर. भयकथेची सुरुवात मोजदाद न केलेल्या मालापासून होते.

जीएंनी हा धागा पुन्हा हाती घेतला. ‘रमलखुणा’तल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथांत ओळखीचा देश नाही, काळ नाही, मराठी वाटेल असे नाव नाही. आहे तो केवळ नियतीशी चाललेला माणसाचा हिशेब. मराठी अद्भुताचे हे सर्वांत उंच शिखर, असे माझे स्पष्ट मत आहे. नवख्याने तिथून सुरुवात करू नये.

लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, शुभदा गोगटे, मेघश्री दळवी यांच्यावरची टिपणे पुढे आहेत, म्हणून इथे थांबत नाही. एक मात्र सांगायचे आहे. या साहित्याचा फार मोठा भाग ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारख्या अंकांत छापला गेला आणि पुस्तकात आलाच नाही. इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन मराठी साहित्य संमेलने झाली. इथल्या माळ्यांवर आणि कपाटांत असे जुने दिवाळी अंक आजही असणार. घर बदलताना, आजोबांची खोली रिकामी करताना ते रद्दीत जातात आणि किराण्याच्या पुड्या होतात. वाचकांना विनंती इतकीच: अंक टाकण्यापूर्वी त्याची अनुक्रमणिका वाचा, आणि त्यात भयकथा किंवा विज्ञानकथा दिसली तर तो जवळच्या मराठी ग्रंथालयात नेऊन द्या.

सियागंज, इंदूर